मुलासाठी नव्हे, माझ्यासाठी

"मुलगा केवढा आहे, ताई?"

खेळण्यांच्या दुकानात छोट्या गाड्यांच्या रॅकसमोर मी पाच मिनिटांहून जास्त रेंगाळले, की हा प्रश्न येतोच. पूर्वी मी नुसती हसायची. हल्ली सरळ सांगून टाकते, "मुलगा नाही, मुलगी आहे. ती नोकरी करते. गाडी मला हवीय." मग दुकानदार एकदा माझ्या पांढऱ्या केसांकडे बघतो, एकदा पर्सकडे, आणि एकदम 'मॅडम' म्हणायला लागतो.

तर मैत्रिणींनो, माझ्याकडे आज तीनशे बारा छोट्या गाड्या आणि एकसष्ट रोबो आहेत. रोबो म्हणजे सेलवर चालून आवाज करणारे नव्हेत हं. हाताने दुमडून, उलगडून ज्यांच्या गाडीचा माणूस आणि माणसाची पुन्हा गाडी होते, ते. मुलगी लहान होती तेव्हा तिच्यासाठी म्हणून घरात आले. ती मोठी झाली, तिचा नाद सुटला, माझा नाही. क्रोकरीसाठी हौसेने करून घेतलेल्या काचेच्या कपाटातून कपबश्या केव्हाच माळ्यावर गेल्या. प्रत्येक खेळण्याची नोंद मी एका जाड रजिस्टरात ठेवते. कधी घेतलं, कितीला घेतलं, काय आवडलं, काय खटकलं आणि दहापैकी किती गुण. मुलगी त्याला 'आईचं प्रगतिपुस्तक' म्हणते.

"हे मुलग्यांचं असतं ना?" असं मला बायकाच जास्त विचारतात. त्यांना मी जॅक ओडेल यांची गोष्ट सांगते. लंडनच्या लेस्नी नावाच्या छोट्या कंपनीत ते भागीदार होते. त्यांची मुलगी ज्या शाळेत जायची, तिथे नियम होता, की खेळणं आणायचं तर ते काड्यापेटीत मावलं पाहिजे. ही बाई काड्यापेटीत कोळी घालून न्यायची! १९५२ साली वडिलांनी तिला पितळेचा इवलासा रोडरोलर करून दिला, काड्यापेटीत बसेल असा. शाळेतल्या बाकीच्या पोरांनाही तो हवासा झाला. पुढच्याच वर्षी, राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने लेस्नीने काढलेली छोटी घोड्यांची बग्गी दहा लाखांहून जास्त खपली. त्याच वर्षी रोडरोलर, डंपर, सिमेंट मिक्सर अशी 'मॅचबॉक्स'ची मालिकाही सुरू झाली. म्हणजे जगभरातली मुलं ज्या गाड्यांनी खेळली, त्यांतली पहिली एका मुलीसाठी घडवलेली होती, आणि तीसुद्धा चक्क रोडरोलर.

मग मुलींच्या खेळण्यांचा रॅक वेगळा कधी झाला? अमेरिकेतल्या मॅटेल कंपनीची गंमत बघा. रूथ आणि इलियट हँडलर हे नवरा-बायको तिच्या संस्थापकांपैकी. १९५९मध्ये रूथने बार्बी आणली, १९६८मध्ये इलियटच्या पुढाकाराने सोळा गाड्यांची 'हॉट व्हील्स' आली. एकाच घरातून दोन खेळणी निघाली आणि दुकानात दोन वेगळ्या भिंतींना लागली. त्यावर कडी अशी, की संग्राहकांमध्ये जी सगळ्यात मौल्यवान हॉट व्हील्स मानली जाते, ती आहे गुलाबी! १९६९ सालची फोक्सवॅगनची व्हॅन, मागच्या काचेतून सर्फबोर्ड बाहेर आलेले. तिचा हा पहिला नमुना इतका अरुंद आणि वरून जड होता, की ट्रॅकवरच्या यंत्रातून ती नीट धावेना. म्हणून बोर्ड बाजूला घेऊन गाडी रुंद केली आणि मगच विक्रीला काढली. आधीच्या नमुन्यांपैकी फारच थोडे उरले आणि त्यांतले गुलाबी तर हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. त्यासाठी आता मोठमोठे बाप्ये लाखो रुपये मोजायला तयार असतात. गुलाबी असूनही.

रोबोंचा जन्म जपानचा. ताकारा कंपनीने १९८०मध्ये 'डायक्लोन' नावाची मालिका काढली. पुढे त्यात गाड्यांचे रोबो आले आणि त्या गाड्यांत ड्रायव्हर म्हणून एक बोटभर माणूस बसायचा. १९८३च्या 'मायक्रो चेंज'मध्ये तर घरातल्याच वस्तू होत्या. कॅसेट प्लेअर, कॅमेरा, इवल्या खेळण्यातल्या मोटारी. वस्तूच्या पोटात रोबो दडलेला. अमेरिकेच्या हॅस्ब्रोने या दोन्ही मालिका उचलल्या, एकत्र केल्या आणि १९८४मध्ये 'ट्रान्सफॉर्मर्स' म्हणून बाजारात आणल्या. पुढे सिनेमांमुळे प्रसिद्ध झालेला बंबलबी, तो मुळात अशीच एक बुटकी, फुगीर फोक्सवॅगन बीटल. मला आजही सिनेमातल्या चकचकीत गाडीपेक्षा ती बीटलच आवडते.

आता माझ्या गुणांविषयी. पन्नास वर्षांची बाई खेळण्याला गुण देते म्हणजे नेमकं काय बघते?

आधी वजन. तळहातावर ठेवलं, की कळतं. जस्ताच्या मिश्रधातूची गाडी थंड आणि भारी लागते. हल्ली बहुतेक स्वस्त गाड्यांत वरचं अंग किंवा तळ यांपैकी एकच धातूचा असतो, दुसरं प्लॅस्टिक. मग चाकं. आमच्या ओट्याच्या ग्रॅनाइटवर हलकेच सोडते. सरळ गेली तर दोन गुण. डावीकडे वळली तर आस वाकलाय. मग रंग. दिव्यांवर, नंबरप्लेटवर छपाई नीट बसली आहे की सरकली आहे. ब्लाउजच्या काठाची जोड बघतो तशीच ही नजर लागते. आणि हो, जुनी गाडी घेताना तळाशी साल कोरलेलं दिसलं, म्हणून हुरळून जाऊ नका. हॉट व्हील्सच्या तळावरचं साल बहुतेकदा त्या मॉडेलच्या स्वामित्वहक्काचं असतं. गाडी त्यानंतर पंचवीस वर्षांनीही बनलेली असू शकते. विकणारे नेमकं तेच साल मोठ्याने वाचून दाखवतात.

रोबोचं जास्त कठीण. तो उभा राहतो का? एका पायावर राहिला तर उत्तम. सांधे फार घट्ट असले तर मोडायची भीती, ढिले असले तर दुपारपर्यंत मान टाकतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घडी. चांगल्या रोबोत गाडीचा प्रत्येक भाग कुठेतरी कामाला येतो. बॉनेटची छाती होते, दारांचे पंख, मागच्या चाकांच्या टाचा. वाईट रोबोत गाडीचं टरफल पाठीवर दप्तरासारखं लटकत राहतं. अशाला माझ्याकडे चारच्या वर मिळत नाहीत, किंमत काही का असेना.

ही कसोटी खरं तर माझी नाही, सासूबाईंची. त्या शहाऐंशी वर्षांच्या आहेत. माझ्या कपाटात मधल्या फळीवर, एका लाल ट्रकशेजारी, त्यांचा बोटभर उंचीचा पितळी बंब आहे. त्यांच्या लहानपणच्या भातुकलीतला. त्याची तोटी अजून फिरते आणि पाणी घातलं तर धार लागते. मी पहिल्यांदा त्यांना रोबो दाखवला, तेव्हा त्यांनी चष्मा लावून दोन्ही हात हलवून पाहिले आणि म्हणाल्या, "याचा डावा हात खिळखिळा आहे गं." मग बंब दाखवून म्हणाल्या, "लहान वस्तू नुसती लहान असून भागत नाही. मोठीसारखी चालली पाहिजे. जातं फिरलं पाहिजे, तोटीतून पाणी आलं पाहिजे."

त्या भातुकलीत सत्तावीस भांडी होती म्हणे. कासाराकडून एकेक करून वडिलांनी आणलेली. पंधराव्या वर्षी लग्न ठरलं आणि घरातल्यांनी ती टोपली धाकट्या चुलत बहिणीला देऊन टाकली. विचारायचा प्रश्नच नव्हता. "आता तुला खरी भांडी मिळणार," एवढंच सांगितलं. बंब तेवढा त्यांनी आधीच परकराच्या ओच्यात लपवला होता. हे मला त्यांनी लग्नानंतर एकवीस वर्षांनी सांगितलं, तेही रोबोचा हात तपासता तपासता.

त्याच वर्षी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला मी आरास केली ती कपाटातल्या मंडळींची. आरशीत, मोत्यांची तोरणं, कलिंगडाची कमळं हे सगळं होतंच. पायऱ्यांवर मात्र बाहुल्यांऐवजी गाड्या आणि रोबो. दिवाळीच्या किल्ल्यावर नाही का, महाराज आणि मावळे असतात आणि पायथ्याशी खुशाल एखादी जीप उभी असते? तसंच. बायका कैरीची डाळ खात खात बघत होत्या. कौतुक झालं, पण दर चौथीचा प्रश्न एकच: "यांच्यावर पैसे किती गेले हो? आणि मिस्टर काही म्हणत नाहीत?"

पैशांचं सांगते, लपवण्यासारखं काही नाही. साधी छोटी गाडी दीड-दोनशे रुपयांत येते. बऱ्यापैकी रोबो दोन-तीन हजारांच्या घरात. मी वर्षाला दोनच रोबो घेते. एक साडी कमी घेते, इतका साधा हिशोब आहे. साडीबद्दल मात्र आजवर मला कोणी विचारलं नाही, की ती कुणासाठी आणि मिस्टर काय म्हणाले.

आयात खेळणी महाग झाली, हे खरं. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२०मध्ये वीस टक्क्यांवरून साठ झालं, २०२३मध्ये सत्तर. शिवाय १ जानेवारी २०२१पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. संग्राहक म्हणून मी कुरकुरते. पण खेळणं हातात आलं, की पहिलं तोंडात घालणारी मुलगी मी वाढवली आहे, त्यामुळे रंग तपासलेला असावा याविरुद्ध माझ्याच्याने बोलवत नाही. आपल्याकडे पूर्वी हे बनत नव्हतं असंही नाही. डिंकी या ब्रिटिश गाड्यांचे जुने साचे कलकत्त्याला आले होते आणि त्यांतून 'निकी' नावाने गाड्या निघत. जुन्या बाजारात एखादी दिसली तर सोडू नका. फक्त आधी बारकाईने पाहा, पृष्ठभागावर केसासारख्या चिरा तर नाहीत ना. जस्तात शिसं मिसळलं गेलं असेल, तर धातू वर्षानुवर्षं आतून फुगतो, तडकतो आणि शेवटी बिस्किटासारखा चुरा होतो. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या कितीतरी गाड्या अशा गेल्या. त्यावर उपाय नाही.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. हॉट व्हील्समध्ये १९९५पासून 'ट्रेझर हंट' म्हणून काही दुर्मिळ गाड्या मिसळलेल्या असतात. काही मंडळी सुपरमार्केट उघडायच्या आधी दारात उभी राहतात, खोकी उपसतात, तेवढ्या काढून घेतात आणि चौपट-पाचपट भावाने विकतात. पाकीट उघडायचं नाही, कारण किंमत उतरते. मी प्रत्येक पाकीट घरी आल्या आल्या फोडते. न फिरवलेल्या चाकांना गुण कसे द्यायचे?

आणि रोबोंमधल्या बायका! १९८४च्या सुमारास 'गोबॉट्स' नावाच्या स्वस्त मालिकेत क्रॅशर होती. शर्यतीच्या गाडीची होणारी खलनायिका, आणि तिचं खेळणंही होतं. ट्रान्सफॉर्मर्समध्ये १९८६च्या चित्रपटात आर्सी झळकली, पण त्या काळी तिचं खेळणं दुकानात आलंच नाही. मुलगे घेणार नाहीत, असा व्यापाऱ्यांचा जुना हिशोब. नंतर त्या नावाची खेळणी आली, पण चित्रपटातल्या गुलाबी गाडीची होणारी आर्सी हातात यायला २०१४ उजाडलं. २०१३मध्ये हॅस्ब्रोने नवा रोबो कसा असावा, हे लोकांच्या मतांवर सोडलं, तेव्हा लोकांनी स्त्री निवडली. ती विंडब्लेड. विमानाची होते. माझ्या रजिस्टरात तिला आठ गुण आहेत. दोन गुण टाचांपायी गेले. उंच टाचांवर उभी राहायला तिलाही जमत नाही.

शेजारची आठ वर्षांची मुलगी परवा विंडब्लेड बघून गेली. तिची आई दारातूनच म्हणाली, "अगं, मुलग्यांची खेळणी ती. काकूंचं काही मोडशील." सासूबाई आतून म्हणाल्या, "मोडू दे. बस गं इथे." पोरीने सूचनांचा कागद बाजूला सारला. वीस मिनिटं लागली, एकदा पंख उलटा बसला, मदत नको म्हणाली. विमान झालं, तेव्हा तिने ते डोक्यावरून फिरवलं नाही. उलटं करून चाकं कुठे आहेत, ते शोधलं.

आता ती रविवारी येते. रजिस्टरात तिचे गुण हिरव्या शाईत असतात, माझे निळ्या. ट्रकच्या बाबतीत आमचं अजिबात जुळत नाही.