मैत्री आणि सेवा : महिलांच्या क्लबांकडे पाहताना

मंडळी, आपल्याकडे तालुक्याच्या गावीसुद्धा बायकांचा एखादा क्लब असतो. महिन्याची सभा, चहा-फराळ, कुणाचा तरी वाढदिवस, आणि मग एखादं नेत्रतपासणी शिबिर. 'भिशीच आहे झालं' म्हणून हसायची पुरुषांना सवय. आम्हां तत्त्वज्ञानवाल्यांना मात्र त्यात एक खरा प्रश्न दिसतो : मैत्री आणि सेवा एका पंगतीत बसतात का?

पतंजलीने या दोहोंची फारकत केली आहे. योगसूत्रांत तो सांगतो की मैत्री ठेवावी सुखी माणसाशी, करुणा दुःखी माणसाविषयी. म्हणजे मैत्री बरोबरीच्यांत. करुणेला मात्र वरून खाली पाहायची खोड लागू शकते.

आता इनर व्हीलची सुरुवात बघा. मँचेस्टरमध्ये मार्गारेट गोल्डिंग या बाईंनी रोटरीवाल्यांच्या बायकांना एकत्र आणलं आणि १० जानेवारी १९२४ रोजी क्लब स्थापन झाला. त्याआधीची बैठक भरली होती चक्क एका तुर्की स्नानगृहात! रोटरीत बायकांना तेव्हा प्रवेश नव्हता. तो अधिकृतपणे मिळायला १९८९ उजाडलं. इनर व्हीलच्या उद्दिष्टांत खरी मैत्री पहिली, सेवा त्यानंतर. हा क्रम आम्हांला बरोबर वाटतो. पण मैत्री आतल्यांत आणि सेवा बाहेरच्यांची, अशी भिंत राहिली तर पतंजलीची फारकत तशीच राहते.

ती भिंत पुण्यात ओलांडली गेली. पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये आर्य महिला समाज काढला. तिथे जाण्यावरून रमाबाई रानड्यांना घरच्या बायकांचीच किती बोलणी खावी लागली, हे त्यांच्या आठवणींत आहे. पुढे १९०९ मध्ये त्यांच्याच अध्यक्षतेखाली पुण्याचं सेवासदन उभं राहिलं. तिथे विधवा शिकायला येत. त्यांतल्या काही परिचारिका झाल्या. वरच्या जातीच्या विधवेने परक्या रोग्याला हात लावायचा, म्हणजे त्या काळी केवढा गहजब! पण मुद्दा असा, की जिची सेवा करायची तीच सेवा करणारी झाली. करुणेची दिशा उलटली की तिला मैत्री म्हणायला हरकत नाही.

आज आपण नंदुरबार जिल्ह्यात बोलतो आहोत, तेव्हा मणिबेलीपाशी थांबलंच पाहिजे. अक्कलकुवा तालुक्यातलं, नर्मदाकाठचं हे गाव सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्रातून पहिल्यांदा आलं. इथल्या सत्याग्रहाचं नाव जगभर गेलं. १९९४ च्या मणिबेली जाहीरनाम्याला ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी पाठिंबा दिला. मोठ्या धरणांना जागतिक बँकेने पैसा देणं थांबवावं, ही त्यातली मागणी.

आम्हांला त्याहून एक बारीक गोष्ट महत्त्वाची वाटते. डोंगरातल्या गावात बायकांना क्लब लागत नाही. वर्गणी नाही, अध्यक्षा नाही. एकीच्या शेतावर दुसरीने जायचं, बाळंतपणाला शेजारणीने धावायचं; देशावर आपण इर्जिक म्हणतो, सावड म्हणतो, त्याच जातीची ही देवघेव. हीसुद्धा मैत्रीवर उभी असलेली नागरी संस्थाच आहे, फक्त तिची नोंदणी झालेली नाही.

आणि नोंदणी नाही म्हणून भरपाईही नाही. नर्मदा लवादाचा निवाडा १९७९ चा. कुटुंबाला किमान दोन हेक्टर जमीन, सज्ञान मुलगा म्हणजे वेगळं कुटुंब, असं त्यात आहे. सज्ञान मुलीला तसं धरलेलं नाही. मग शेजारणीचा हिशेब कोण धरणार? काही कुटुंबं गुजरातच्या मैदानी वसाहतींत गेली, काही पाण्याच्या वर डोंगरात सरकली. घराला घर देता येतं. पण रात्री कळा सुरू झाल्या तर हाक ऐकू येईल इतक्या अंतरावरची बाई कोणत्या रकान्यात लिहायची?

म्हणून क्लबवाल्या भगिनी वसाहतीत काय न्यावं असं विचारतात, तेव्हा आम्ही म्हणतो, पहिल्या खेपेला काही नेऊ नका. जाऊन बसा, त्यांच्या घरची भाकरी खा. पूर्वी कोण कुणाची शेजारीण होती, ते विचारा.