बाद सेलची कसोटी

सिकंदराबादेत पार्कलेनवरच्या चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये लॅपटॉपची दुकानं एकाला एक लागून आहेत. अशा बाजारात बदललेला बॅटरी पॅक 'गेला' म्हणून बाजूला पडतो. पण गेलेलं नेमकं काय असतं? जुन्या धाटणीच्या पॅकमध्ये सहसा सहा दंडगोल सेल असतात. जाडी १८ मिलिमीटर, लांबी ६५, म्हणून नाव १८६५०. दोन-दोन सेलच्या तीन जोड्या एकीमागे एक. एक जोडी ढेपाळली की सगळी साखळी अडते, शिवाय आतली नियंत्रक चिप कधी कधी पॅकला कायमचं कुलूप घालते. उरलेले चार सेल धडधाकट असले तरी भंगारात जातात. आयबीएमच्या भारतातील संशोधकांनी २०१४ मध्ये 'उर्जार' या प्रयोगासाठी टाकाऊ पॅक तपासले, तेव्हा किमान ७० टक्क्यांत एलईडी दिवा रोज चार तासांहून जास्त, वर्षभर चालवण्याइतका जीव निघाला. म्हणजे माल आहे. अडतं ते पारखण्यापाशी, आणि पारखायला लागतात आठवडे, मिनिटं नव्हेत.

मल्टिमीटरवर चार व्होल्ट दिसले की सेल चांगला, हा समज फार पसरलेला आहे. व्होल्ट म्हणजे विहिरीतल्या पाण्याची पातळी. विहिरीचा घेर किती, झरा किती जोराचा, तळाला गळती आहे का, हे त्यावरून कळत नाही. घेर मोजायचा तर सेल ४.२ व्होल्टपर्यंत भरून ठरावीक करंटने रिकामा करावा लागतो. २२०० एमएएचच्या सेलने १८०० दिले तर ठेवावा, हजाराच्या आत राहिला तर सोडावा. झऱ्याचा जोर अंतर्गत रोधावरून कळतो. गळतीची परीक्षा सर्वांत कंटाळवाणी आणि म्हणूनच सर्वांत जास्त टाळली जाणारी: भरलेला सेल दोन-तीन आठवडे नुसता ठेवायचा आणि पुन्हा मोजायचा. ज्याचा व्होल्ट घसरला तो बाद. दोन व्होल्टच्या खाली बराच काळ पडून राहिलेल्या सेलमध्ये तांब्याची पट्टी विरघळू लागते आणि चार्जिंगच्या वेळी तेच तांबं भलत्या जागी बसून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतं. असा सेल 'जागा' करून दाखवणं याला मी कौशल्य म्हणणार नाही.

आगीची भीती हा आक्षेप खरा आहे. १२ सप्टेंबर २०२२ रोजी सिकंदराबादेत विजेच्या स्कूटरच्या दुकानातून वर लॉजमध्ये पसरलेल्या आगीत आठ माणसं गेली. त्या स्कूटरमधले सेल लॅपटॉपमधून काढलेले नव्हते, पण लिथियमचा स्वभाव तोच. म्हणून पारखलेला सेलही दिव्याला, छोट्या पंख्याला, संरक्षक सर्किटसह द्यावा. स्कूटरला कधीच नाही. दुसरा आक्षेप असा, की हे सगळं थेट धातूसाठीच का फोडू नये? सी-मेट या संशोधन संस्थेच्या हैदराबाद केंद्राने लिथियम-आयन बॅटऱ्यांतून धातू परत मिळवण्याचं तंत्र विकसित केलं आहे, आणि बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे २०२२ चे नियम २०२६-२७ पासून अशा छोट्या बॅटऱ्यांच्या कोरड्या वजनाच्या ९० टक्के पदार्थ परत मिळवायला सांगतात. पण कोबाल्ट परत मिळतो, सेल घडवण्यात खर्ची पडलेली वीज आणि मेहनत मिळत नाही. चार वर्षं दिवा पेटवून सेल भट्टीकडे गेला तरी त्यातला कोबाल्ट तेवढाच राहतो.

खरी अडचण वेगळीच आहे. आताच्या पातळ लॅपटॉपमध्ये पोलादी नळकांडं नसतं. चपट्या, मऊ पिशव्या गोंदाने चिकटवलेल्या असतात, प्रत्येक मॉडेलची मापं निराळी. काढताना त्या वाकतात, जुन्या झाल्या की फुगतात, आणि १८६५० साठी बनवलेल्या चार्जरच्या खाचेत त्यांना जागाच नाही.