स्तनकर्करोगाची संप्रेरक-चिकित्सा आणि सर्वांगशूल : वैद्यांचे कर्तव्य व मर्यादा

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेली, रोज टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलची एक गोळी घेणारी स्त्री आपल्याकडे येते ती बहुधा अंगदुखीसाठी. सर्वांग ठणकते, झोप झाली तरी थकवा जात नाही, सकाळी बोटे वळत नाहीत. शेवटी ती हळूच विचारते, "डॉक्टर, ही गोळी बंद करून आपलं काही आयुर्वेदिक चालेल का?" या प्रश्नाचे उत्तर कसे द्यावे, याचा विचार येथे करीत आहोत.

गोळीचे महत्त्व

काही स्तनार्बुदांच्या पेशी इस्ट्रोजेनच्या आधाराने वाढतात. टॅमॉक्सिफेन त्या पेशींतील इस्ट्रोजेनची जागा अडवते. लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल व एक्झेमेस्टेन ही औषधे रजोनिवृत्तीनंतर शरीरात इस्ट्रोजेन तयार होण्याची क्रियाच रोखतात. अनेक चाचण्यांचे जे एकत्रित विश्लेषण २०११ साली प्रसिद्ध झाले, त्यानुसार अशा रुग्णांनी पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेतल्यास पहिल्या पंधरा वर्षांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटतात. असे फळ देणारी एकही वनस्पती आजवर सिद्ध झालेली नाही. म्हणून 'पर्याय' हा शब्द आपण उच्चारू नये. वेदना सुसह्य करून रुग्णेला गोळी चालू ठेवता यावी, हेच आपले कार्य होय.

वेदना कोणती?

लेट्रोझोल वर्गातील औषधांनी होणारा शूल प्रामुख्याने हातांचे सांधे, मनगटे व गुडघे यांत असतो आणि बहुधा औषध सुरू झाल्यावर काही महिन्यांत उद्भवतो. फायब्रोमायल्जियात वेदना सर्वांगी, तीन महिन्यांहून अधिक काळची असते. सोबत ताजेतवाने न करणारी झोप, थकवा व विस्मरण आढळते. अनेकदा ती कर्करोगाच्या आधीपासूनच असते. ग्रंथदृष्ट्या चरकाच्या वातव्याधिचिकित्सितातील सर्वांगगत वाताचा येथे विचार करावा व माधवनिदानोक्त आमवातापासून त्याचा भेद करावा. हिमोग्लोबिन, थायरॉइड व ड जीवनसत्त्व यांची तपासणी अवश्य करवून घ्यावी.

एक सावधगिरी सर्वांत महत्त्वाची. पाठीच्या कण्यात, बरगडीत वा कमरेत एकाच जागी, रात्री वाढणारी, दिवसेंदिवस तीव्र होणारी नवी वेदना असेल, तर तेल लावण्यापूर्वी रुग्णेला कर्करोगतज्ज्ञाकडे पाठवावे. कर्करोग अस्थींत पसरल्याची ती खूण असू शकते.

आभ्यंतर औषधांचे धोके

वातशूल म्हटला की आपला हात प्रथम गुग्गुळकल्पांकडे जातो. परंतु गुग्गुलस्टेरॉन हे द्रव्य यकृतातील सीवायपी ३ए४ या विकराला उत्तेजित करते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. टॅमॉक्सिफेन व एक्झेमेस्टेन यांचे विघटन करण्यात याच विकराचा मोठा वाटा असतो. म्हणून योगराज वा सिंहनाद गुग्गुळ येथे निःशंकपणे देऊ नयेत.

हरिद्रेविषयीही तसेच. नेदरलँड्समधील २०१९ सालच्या एका लहान अभ्यासात कर्क्युमिनने टॅमॉक्सिफेनपासून बनणाऱ्या एन्डॉक्सिफेन या प्रभावी घटकाचे रक्तातील प्रमाण घटले. मिऱ्यातील पिपेरीन जोडल्यावर ते आणखी घटले. स्वयंपाकातील चिमूटभर हळदीची गोष्ट निराळी. मिरेयुक्त कर्क्युमिनच्या कॅप्सूल मात्र टाळाव्यात. शतावरी, यष्टिमधु व सोयाबीनचे अर्क यांत इस्ट्रोजेनसदृश क्रियेची शक्यता असल्याने तेही वर्ज्य मानावेत.

आधुनिक औषधांतही हाच विवेक हवा. फायब्रोमायल्जियात दिले जाणारे ड्युलोक्सेटिन, तसेच पॅरोक्सेटिन व फ्लुओक्सेटिन ही औषधे सीवायपी २डी६ या विकरास रोखून एन्डॉक्सिफेनची निर्मिती कमी करू शकतात. रुग्णा टॅमॉक्सिफेनसोबत यांपैकी एखादे घेत असल्यास स्वतः बंद न करता तिच्या तज्ज्ञांना कळवावे.

टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रीस रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव झाल्यास अशोकारिष्ट देऊन तो थांबवू नये. गर्भाशयाच्या अंतःस्तराची तपासणी आधी व्हावी. एका पायाची पोटरी सुजून दुखत असल्यास शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शंका घ्यावी. तेथे मर्दन कदापि करू नये.

निर्धोक मार्ग

आपले खरे सामर्थ्य बाह्योपचारांत व दिनचर्येत आहे. तिळतेलाचा सौम्य अभ्यंग, मृदु स्वेदन, रात्री पादाभ्यंग, नियमित निद्रा व प्राणायाम यांनी पुष्कळ साध्य होते. मात्र शस्त्रक्रियेच्या बाजूच्या हातावर जोराचे मर्दन व उष्ण स्वेद टाळावा, कारण तो हात सुजू शकतो. किरणोपचार झालेल्या त्वचेसही जपावे. व्यायामाचा उपयोग तर चाचणीतच दिसला आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत, लेट्रोझोल वर्गातील औषधे घेणाऱ्या ज्या स्त्रियांनी वर्षभर चालणे व बलवर्धक व्यायाम केला, त्यांचा संधिशूल लक्षणीय कमी झाला. रोज दहा मिनिटांच्या चालण्यापासून आरंभ करून तो हळूहळू वाढवावा.

औषधविक्रेत्या बंधुभगिनींस विनंती, की स्त्री ग्राहकाने वेदनाशामक कल्प किंवा शतावरी मागितल्यास "कर्करोगाची गोळी चालू आहे का?" एवढे अवश्य विचारावे. वैद्यांनीही आपली औषधयोजना लेखी देऊन ती कर्करोगतज्ज्ञास दाखविण्यास सांगावे. यात आपल्या शास्त्राला कोठेही उणेपणा येत नाही. रुग्णेने गोळी सोडली नाही आणि तिची रात्र सुखाची गेली, तर आपली चिकित्सा सफल झाली असे आम्ही मानतो.