काळ्या ठोकळ्यांतील उजेड

लेखक पांढऱ्यावर काळें करतो. काष्ठखोदक मात्र काळ्यांतून पांढरें बाहेर काढतो. कठीण लाकडाचा आडवा कापलेला, आरशासारखा गुळगुळीत ठोकळा घेऊन त्यावर तो बारीक पोलादी कोरणी चालवितो. कोरलेल्या जागीं शाई लागत नाहीं, म्हणून ती कागदावर पांढरी उमटते. बाकी सारें काळेंच राहतें. कोरणी लागण्यापूर्वीं ठोकळ्यावर निव्वळ अंधार असतो, आणि एकेका रेघेबरोबर त्यांत उजेड शिरत जातो. जर्मन चित्रकार फ्रिट्झ आयशेनबर्ग ह्यांनीं आपलें सारें आयुष्य ह्या कलेला वाहिलें.

आयशेनबर्ग ह्यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०१ रोजीं कोलोन शहरीं एका यहुदी कुटुंबांत झाला. शिळाछापाच्या कारखान्यांत उमेदवारी केल्यावर लाइपझिग येथें ह्यूगो श्टायनर-प्राग ह्यांच्या हाताखालीं त्यांनीं ग्रंथचित्रणाचे धडे घेतले. १९२३ सालीं ते बर्लिनला गेले व वृत्तपत्रांसाठीं चित्रें काढूं लागले. नाझी पक्षावर त्यांच्या लेखणीनें ओढलेले आसूड विसरले जाण्यासारखे नव्हते. १९३३ सालीं हिटलर सत्तेवर येतांच त्यांनीं कुटुंबासह मायदेश सोडला आणि अमेरिका गाठली.

तेथें त्यांच्या कोरणीला तिच्या योग्यतेचे ग्रंथ लाभले. ब्राँटे भगिनींच्या ‘जेन एअर’ व ‘वदरिंग हाइट्स’ ह्या कादंबऱ्या त्यांच्या चित्रांसह १९४३ सालीं प्रसिद्ध झाल्या. डोस्टोएव्हस्कीच्या महान् कादंबऱ्याही त्यांनीं सचित्र केल्या. कथेंतील प्रसंग जसाच्या तसा दाखविणें एवढेंच चित्रकाराचें काम नव्हे, हें ह्या चित्रांवरून कळतें. झाडाखालीं उभ्या असलेल्या हीथक्लिफच्या चित्रांत वादळ बाहेर आहे कीं त्याच्या मनांत, हें सांगणें कठीण होऊन बसतें.

१९३७ सालीं पत्नीच्या मृत्यूनें ते खचले. पुढें क्वेकर पंथांत त्यांना मनःशांति लाभली. १९४९ सालीं त्यांची डोरोथी डे ह्या समाजसेविकेशीं गांठ पडली. ‘कॅथॉलिक वर्कर’ ह्या त्यांच्या पत्राची किंमत अवघी एक सेंट होती. ज्यांना वाचतां येत नाहीं त्यांनाही कळतील अशीं चित्रें त्यांना हवीं होतीं, आणि आयशेनबर्ग ह्यांनीं तीं विनामूल्य दिलीं. मोजक्या वर्गणीदारांच्या कपाटांत जाणाऱ्या मूल्यवान् आवृत्त्या ज्या हातानें सजविल्या, त्याच हातानें हें एका सेंटाचें पत्रही सजविलें. आणि दोन्हीकडे कोरणीची निष्ठा सारखीच राहिली.

३० नोव्हेंबर १९९० रोजीं ऱ्होड आयलंड येथें त्यांचें निधन झालें. ह्या पत्रासाठीं केलेलें त्यांचें एक चित्र विशेष गाजलें. भाकरीसाठीं रांगेंत उभ्या असलेल्या कंगालांमध्यें येशू ख्रिस्तही उभा आहे. त्याची आकृति चित्रकारानें काळीच ठेविली आहे. उजेड कोरला आहे तो तिच्या भोंवतालीं, आणि तो पडला आहे रांगेंतील इतरांच्या चेहऱ्यांवर.