औषध माणसाचं, तोडगा समुद्राचा

सिप्रोफ्लॉक्सॅसिनची गोळी तुमच्याही घरात कधी ना कधी येऊन गेली असेल. ती क्विनोलोन या प्रतिजैविकांच्या घराण्यातली. पेनिसिलिन बुरशी बनवते, क्विनोलोन मात्र प्रयोगशाळेत जन्मलं. त्यातलं पहिलं औषध १९६२ मध्ये जाहीर झालं. जे निसर्गाने कधी पाहिलंच नव्हतं, त्यावरचा तोडगा निसर्गात कुठून असणार?

पण तो होता! १९९८ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामात एका रुग्णाकडून मिळालेल्या जीवाणूत क्विनोलोनला अडवणारं जनुक सापडलं. त्याला ‘क्यूएनआर’ म्हणतात. आलं कुठून हे? २००५ मध्ये छडा लागला: शेवानेला अल्गी या समुद्रात राहणाऱ्या जीवाणूच्या गुणसूत्रावर ते मुळातच होतं.

ते करतं काय? जीवाणूच्या डीएनएला सतत पीळ पडतो. गायरेझ नावाचं प्रथिन तो धागा कापतं, पीळ सोडवतं आणि पुन्हा सांधतं. क्विनोलोन नेमकं कापल्या क्षणी घुसतं आणि सांधूच देत नाही. क्यूएनआरचं प्रथिन गायरेझला चिकटून त्याचा बचाव करतं. बचाव तसा जेमतेमच, पण तेवढ्या उसंतीत जीवाणू पुढचे बदल घडवून आणखी चिवट होऊ शकतो.

खरी कमाल पुढे आहे. अलाबामाच्या जीवाणूत हे जनुक प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या छोट्या सुट्या कड्यावर होतं. दोन जीवाणू एकमेकांना भिडले की प्लाझ्मिड इकडून तिकडे जातं, तेही झेरॉक्ससारखं: घेणाऱ्याला प्रत मिळते, देणाऱ्याकडची जागेवरच राहते. दोघांची जात वेगळी असली तरी चालतं!

समुद्रातल्या आणि माणसाच्या जीवाणूंची अशी भेट कुठे होऊ शकते? मत्स्यशेतीकडे बघा. हजारो माशांतला एकच आजारी मासा पकडून त्याला गोळी कशी देणार? म्हणून औषध खाद्यात कालवून सगळ्यांनाच देतात. गंमत अशी की आजारी मासा अनेकदा खातच नाही! उरलेलं खाद्य आणि माशांची विष्ठा यांतून औषध पाण्यात, गाळात उतरतं. तिथे समुद्रातले जीवाणू असतात, माशांचे असतात आणि सांडपाणी येत असेल तर माणसाच्या आतड्यातलेही. औषध कमकुवतांना मारतं, जनुकवाल्यांना मोकळं रान मिळतं. नीट शिजवलेल्या कालवणात हे जीवाणू मरतात. पण कच्चा मासा हाताळताना किंवा पाण्यावाटे ते माणसापर्यंत पोचू शकतात.

मग औषधाशिवाय मासे वाढवायचे कसे? नॉर्वेने करून दाखवलं. १९८७ मध्ये तिथल्या मत्स्यशेतीत जवळपास ५०,००० किलो प्रतिजैविकं वापरली गेली. पुढे सामन माशांना लशी आल्या. समुद्रात सोडण्याआधी प्रत्येक पिल्लाला पोटात इंजेक्शन! आज तिथे सामनचं उत्पादन कितीतरी पटींनी वाढलंय आणि प्रतिजैविकांचा वापर गेली काही वर्षं १,००० किलोच्याही आत आहे.