दारामागची वही

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला व्यापारी आपल्या चोपड्या पूजतात. परळच्या चाळीतल्या आमच्या खोलीतही एके काळी अशी एक वही होती. मात्र ती कागदाची नव्हती. दारामागच्या भिंतीवर आईने कोळशाने ओढलेल्या रेघा, हीच ती वही. एक रेघ म्हणजे एक रुपया. आणि देणे होते वसईवालीचे.

वसईवाली म्हणजे कोण, हे जुन्या मुंबईकरांना सांगायला नको. विरारहून मुंबईला गाडी सुरू झाली ती १८६७ साली. वसईच्या वाड्यांतली भाजी, केळी आणि फुले याच लोहमार्गाने शहरात येत राहिली. पिकवणारे पुष्कळसे ख्रिस्ती शेतकरी, आणि तो माल डोक्यावर घेऊन गिरगाव, दादर, परळचे जिने चढणाऱ्या त्यांच्या घरच्या बायका! आमची वसईवाली एल्फिन्स्टन रोडला उतरे. त्या स्टेशनाला २०१८ पासून प्रभादेवी म्हणतात. लाल लुगडे, गळ्यात क्रूस आणि डोक्यावर भलीमोठी टोपली. आम्ही मुले तिला मावशी म्हणत असू.

तिची विकण्याची तऱ्हा निराळीच होती. एकदा आईने वांग्यांना हात लावताच ती म्हणाली, “वहिनी, आज वांगी घेऊ नका. वरून चकाकतात, पण आत किडली आहेत.”

“मग आणलीत कशाला?”

“काळोखात तोडली, गाडीत उजेड झाल्यावर पाहिली!”

अशा बाईकडून दुसऱ्या दिवशी कोण भाजी घेणार नाही? सगळी चाळ घेत असे.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. माझे वडील साच्यावर होते, तेही बसले. दोन-तीन महिन्यांत घरातले डबे वाजू लागले. वसईवालीची हाक जिन्यावर ऐकू आली, की आई हळूच दार लोटून घेई. दोनदा असे झाले. तिसऱ्यांदा ती उंबऱ्याशीच बसली.

“वहिनी, मी भाजी द्यायला आले आहे, पैसे मागायला नाही.”

“फुकटचे मला नको, मावशी.”

“फुकट कोण देते? मलाही पोरेबाळे आहेत. मांडून ठेवा. मला लिहिता येत नाही, तेव्हा तुम्हीच मांडा.”

वाचकहो, हिशेबाची वही सावकाराने ऋणकोच्याच हाती द्यावी, असा व्यवहार तुम्ही कुठे पाहिला आहे? त्या दिवशी आईने पहिली रेघ ओढली.

पुढे वडिलांना दादरच्या एका दुकानात काम मिळाले. थोडे थोडे पैसे साठले आणि १९८३ च्या दिवाळीत आईने हिशेब काढला. मग आमच्या दारात जे भांडण झाले, तसे पुन्हा मी ऐकले नाही. आईच्या रेघा भरल्या एकशे सत्तेचाळीस. मावशी आपल्या तोंडी हिशेबावर ठाम : एकशे एकतीस! देणारी जास्त सांगते आणि घेणारी कमी. चाळीतल्या बायका हसू लागल्या. अखेर उलगडा झाला. मावशी तोलून झाल्यावर वर मूठभर भाजी, दोन मिरच्या, कोथिंबिरीची काडी टाकी. आईने तेही रुपयांत धरले होते.

“वरची मूठ कधी हिशेबात धरतात का?” मावशी रागावूनच म्हणाली.

आईने एकशे एकतीस रुपये दिले. उरलेल्या सोळा रुपयांत थोडी भर घालून चोळीचा खण आणला आणि फराळाच्या ताटात ठेवला. दिवाळीच्या ताटाला नको कसे म्हणणार?

मी तेव्हा शाळकरी होतो. मी तिला विचारले, “मावशी, वर मूठ का टाकता?” ती म्हणाली, “आमच्या देवळात फादर सांगतात, तुम्ही ज्या मापाने द्याल, त्याच मापाने देव तुम्हाला देईल. मग माप आखडते कसे घेऊ?” आणि हसून पुढे म्हणाली, “आमच्यातही काटा मारणारे आहेत हो! म्हणून तर पुनःपुन्हा सांगावे लागते.”

पुष्कळ वर्षांनी वसईच्याच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ माझ्या हाती आले. लेवीय या पुस्तकात खरा तराजू आणि खरी वजने ठेवण्याची आज्ञा आहे. ती झाली सचोटी; ती कायद्यानेही सांगता येते. पण लूकच्या शुभवर्तमानात येशू त्याच्या पुढे जातो. दाबून, हलवून, शीग लावून भरलेल्या मापाची गोष्ट तो सांगतो. ती ओळ वाचताना मला बायबलमधले डोंगर दिसले नाहीत; परळच्या जिन्यावरची टोपली दिसली.

आता वसईत वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत. २००९ साली तिथे महानगरपालिकाही झाली. माझी सून फोनवर बोट ठेवते आणि पिशवी दारात येते. वजन अगदी चोख असते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र आणणाऱ्या मुलाला वांगी आतून कशी आहेत हे ठाऊक नसते, आणि आमच्या घरात काय चालले आहे हेही ठाऊक नसते.

हिशेब मिटला त्या दिवशी आईने दारामागच्या भिंतीला चुन्याचा एक हात दिला. कोळसाच तो, रेघा खालून पुसट दिसतच राहिल्या. शेजारणी म्हणाल्या, “आणखी एक हात द्या, म्हणजे जातील.” आईने तो दुसरा हात कधी दिलाच नाही.