पाटी उतरवण्याचाही मुहूर्त

मिरजेच्या लक्ष्मी मार्केट परिसरात दुकानाची नवी पाटी चढते, तेव्हा मुहूर्त पाहिला जातो, कलश मांडला जातो, आप्तेष्टांना पेढे दिले जातात. पाटी उतरते, तेव्हा मात्र नुसते शटर खाली ओढले जाते. घरच्यांच्या दृष्टीने व्यवसाय तिथे संपतो. कायद्याच्या दृष्टीने तो संपत नाही.

एक उदाहरण घेऊ. दोन बंधूंचा भागीदारीत कापडाचा व्यवसाय आहे. पासष्टीनंतर थोरले बंधू निवृत्त होतात. घरातल्या घरात हिशेब मिटतो. कागद होत नाही. दोन वर्षांनी धाकट्यांनी केलेल्या उधारीसाठी पेढीचे धनको थोरल्यांच्या दारात उभे राहतात. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ नुसार निवृत्तीची जाहीर सूचना होईपर्यंत, त्यांना भागीदार समजून व्यवहार करणाऱ्यांप्रती त्यांची जबाबदारी कायम राहते. नोंदणीकृत पेढीने ही सूचना निबंधकांकडे, शासकीय राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या स्थानिक भाषेतील एका वृत्तपत्रात द्यावयाची असते. बँकेला वैयक्तिक हमी दिली असल्यास त्यातूनही लेखी मुक्तता घ्यावी लागते.

या अडचणीचे मूळ बहुधा आरंभीच असते. भागीदारीपत्रात निवृत्ती, मृत्यू, नावलौकिकाचे मूल्य आणि मतभेद यांविषयी स्पष्ट कलमे हवीत. पत्रात वेगळी तरतूद नसेल, तर एका भागीदाराच्या मृत्यूने पेढी विसर्जित होते. पेढीची नोंदणी ऐच्छिक आहे. परंतु नोंदणी नसलेल्या पेढीला करारातून येणारी रक्कम गिऱ्हाइकाकडून वसूल करण्यासाठी, अगदी किरकोळ रकमेचा अपवाद सोडल्यास, दावा लावता येत नाही.

व्यवसाय चालू असतानाही कायद्याचा आधार घेता येतो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पिढ्यान्‌पिढ्यांच्या कारागिरीच्या नावाला संरक्षण लाभले. वाद्य घडवणाऱ्या सूक्ष्म वा लघु उत्पादकाची ‘उद्यम’ नोंदणी असेल, तर खरेदीदाराने कमाल ४५ दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज मासिक चक्रवाढीने द्यावे लागते. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला ‘उद्यम’ नोंदणी मिळते, पण हे संरक्षण मिळत नाही. त्याने उधारीची तीन वर्षांची मुदत ध्यानात ठेवून ती संपण्यापूर्वी ऋणकोची लेखी कबुली घ्यावी.

बंद करताना क्रम पाळावा. दुकाने व आस्थापना कायद्याखाली ३० दिवसांत कळवावे. वस्तू व सेवा कराची नोंदणी रद्द करण्याचा अर्ज ३० दिवसांत करावा. नियमित करदात्याने नंतर तीन महिन्यांत अंतिम विवरणपत्र भरावे. शिल्लक मालावरील कराचा हिशेब त्यातच होतो. नोकरांची देणी चुकती करावीत, बँक खाते बंद करावे, वह्या मात्र जपून ठेवाव्यात. ही कामे राहिली, तर नोटिसा पुढे पत्नीच्या वा मुलाच्या हाती पडतात.

वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर सांगलीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. स्त्रियांना मोफत विधी साहाय्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १५१०० या क्रमांकावर प्राथमिक मार्गदर्शन मिळते. लोकअदालतीत उभयपक्षी तडजोड झाल्यास न्यायालयात भरलेले शुल्क परत मिळते आणि निवाड्यावर अपील नसते. सख्ख्या भावांतील वाद वर्षानुवर्षे चालण्यापेक्षा हा मार्ग केव्हाही बरा.

येत्या दिवाळीत नव्या वहीचे पूजन होईल, तेव्हा कपाटातील भागीदारीपत्रही बाहेर काढावे. त्यावर सही करणाऱ्यांपैकी आज कोण आहे, कोण निवृत्त झाले आणि त्याचा कागद झाला का, एवढे सर्वांसमक्ष पाहावे. कागद राहिला असेल, तर सह्या करणारे हात घरात आहेत तोवर तो पुरा करावा.